बाबांच्या पायाबद्दल

प्रिय आई-बाबा,

फोनवरच सांगितलं असतं, पण बाबा "बरंय गं आता" म्हणून फोन आईकडे देऊन टाकतात, म्हणून लिहितेय. पुण्यात हॉस्पिटलमध्ये शुक्रवारचं ॲडमिशन घेतलंय, दादा गुरुवारी पहाटे गाडी घेऊन येतोय. न विचारता ठरवलं, रागवा हवं तर, पण या.

दादाने आणलेला बाबांच्या जखमेचा स्वॅब लॅबमध्ये मीच प्लेटवर जंतू वाढवायला लावला. दुसऱ्या दिवशी प्लेटचं झाकण उचललं तर द्राक्षांचा वास! बाबा, सीझनला आपल्या तासगावच्या घरात क्रेट रचलेले असायचे आणि तुम्ही मला एकेक मणी पुसून द्यायचात, अगदी तस्साच. या वासावरूनच आम्हाला सुडोमोनस या जंतूचा संशय येतो, पण त्या दिवशी हात थांबले माझे. मग मॅकॉन्की नावाच्या प्लेटवर जंतूंच्या कॉलनी बिनरंगाच्या, ऑक्सिडेज चाचणीचा कागद दहा सेकंदांत जांभळा, साध्या प्लेटवर हिरवा-निळा रंग. सुडोमोनस एरुजिनोसा. आई, पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की कळकतं ना, नाव त्या रंगावरूनच पडलंय. गणपतीत व्हिडिओ कॉलवर बँडेजला तोच डाग दिसला होता आणि मी, रोज हेच बघणारी, मलम असेल म्हणून सोडून दिलं. ते काही केल्या मनातून जात नाहीये.

आई, तुझं काही चुकलेलं नाही. हा जंतू नळात, बेसिनमध्ये, ओल असेल तिथे असतोच, धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही, शुगर आणि उघडी जखम दिसली की घुसतो. मेडिकलमधून आणलेल्या अमॉक्सिसिलिनला तो मुळातच दाद देत नाही. गोळीत चालण्यासारखी सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातलीच औषधं काय ती, आणि नेमका त्यांनाच रेझिस्टंट आलाय, म्हणजे ती लागू पडणार नाहीत. सेफ्टाझिडिम या अँटिबायोटिकला सेन्सिटिव्ह आहे, म्हणजे ते लागू पडेल, पण ते शिरेतून दर आठ तासांनी, मग घरी कसं जमणार तुम्हीच सांगा? हाडापर्यंत गेलंय का ते एमआरआयमध्ये कळेल, आत्तापासून त्याचा विचार करू नका.

नंतर माझ्याकडेच राहायचं. खालचा मजला आहे, कमोड आहे, भाकरीला बाई मिळाल्यात, बाल्कनीत सकाळचं ऊन येतं, आईच्या देवांसाठी कोनाडा रिकामा केलाय.

तोवर कोमट पाण्याच्या बादलीत पाय बुडवणं बंद म्हणजे बंद. जखमेला नळाचं पाणी नको, सलाईनने पुसायचं, ड्रेसिंग ओलं झालं की लगेच बदलायचं, आई तू आधी आणि नंतर साबणाने हात धू. अनवाणी अंगणातसुद्धा जायचं नाही बाबा. ताप आला किंवा लाली वर चढायला लागली तर गुरुवारची वाट बघू नका, रात्री दोनला पण फोन करा. शुगरची वही आणि जुनी फाईल पिशवीत आजच भरा, मागच्या सीटवर उशी ठेवायला सांगितलीय, पाय त्यावर ठेवूनच या.

तुमची,
मनी