पापाची तिकटी नीट लिहून घेणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

इंटरनेटच्या हेल्पलाइनवर रोज कितीतरी पत्ते लिहून घेणाऱ्या माणसाला खास पत्र कोणी पाठवत नाही. पण 'पापाची तिकटी' ऐकून तुम्ही आधी मोकळेपणानं हसलात, मग "तिकटी म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा ना?" असं विचारलंत आणि नाव जसंच्या तसं लिहून घेतलंत. कोल्हापुरात घरोघरी फायबर ओढून राउटर जोडणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून तुमचे मनापासून आभार.

इथली नावं फोनवर सांगणं हे अवघड काम आहे. सायबर चौक म्हटलं की समोरच्याला ऑनलाइन फसवणुकीची तक्रार वाटते आणि कॉल भलत्याच खात्याकडे जातो. खरं तर ते नाव शेजारच्या सायबर कॉलेजवरून पडलंय. ई-मेल सांगून झाल्यावर लगेच बिंदू चौक म्हटलं, तर समोरचा एक टिंब टाकून पुढच्या शब्दाची वाट बघत बसतो. खरी कॉर्नरला "मग खोटी कुठली?" हा प्रश्न ठरलेला. कावळा नाक्यावर राहणारा कावळा नाकाच सांगणार, आणि कागदावर तीच जागा ताराराणी चौक असणार. ही नावं ऐकून हसू येतंच, येऊ द्यावं. चिडचिड होते ती समोरचा नाव स्वतःच्या मनानं सुधारतो तेव्हा. तुम्ही एकही नाव सुधारलं नाहीत. कावळा नाका आणि ताराराणी चौक दोन्ही लिहिलेत, ते तर फारच चांगलं केलंत.

त्याहून मोलाचा होता तुमचा प्रश्नांचा क्रम. पत्त्याला हात घालण्याआधी तुम्ही राउटरच्या डब्यावरचे दिवे विचारलेत. 'एलओएस'चा, म्हणजे सिग्नल गेल्याचा दिवा लाल असेल तर डब्यापर्यंत फायबरमधून प्रकाशच पोचत नाही. मग हिरवं कनेक्टर पूर्ण आत बसलंय का, आणि कपाटामागं पिवळी वायर दुमडली तर नाही ना, हे बघायला सांगितलंत. काच आहे ती, बोटाभर जागेत वळवली की प्रकाश वळणावरच बाहेर सांडतो. कनेक्टर काढलं तर त्याच्या टोकाला बोट लावू नका, हेही न विसरता सांगितलंत. त्या टोकावरचा तेलकट डाग सिग्नल पाडायला पुरतो. उलट एलओएस विझलेला आणि 'पॉन'चा, म्हणजे जोडणी झाल्याचा दिवा स्थिर हिरवा असेल, तर फायबर ठीक आहे. दोष बहुधा वायफायचा किंवा पासवर्डचा, तो फोनवरच सुटतो आणि माणूस पाठवायला पत्ता लागतच नाही.

डबा उलटा करून सिरियल नंबर घेताना तुम्ही जे सांगितलंत ते आम्ही आता प्रत्येक ग्राहकाला सांगतो. नंबर बारा अक्षरांचा. पहिली चार अक्षरं कंपनीची, पुढच्या आठांत फक्त ० ते ९ आणि ए ते एफ. म्हणजे त्या आठांत 'ओ' असूच शकत नाही, दिसलाच तर तो शून्य. 'एस' दिसला तर तो पाच. घोळ उरतो बी आणि आठचा, म्हणून त्या जागी मोबाइलनं फोटो काढून तो मोठा करून बघायला लावलंत.

मग पत्ता, आणि त्यातही आधी पिनकोड. गांधीनगर म्हटलं की ऐकणारा थेट गुजरातेत जातो. ४१६११९ म्हटलं की तो आमच्या कापडपेठेत येतो. मलकापूर ४४३१०१ बुलढाण्यातलं, ४१५१०१ शाहूवाडीतलं. शिरोळ ४१६१०३ आणि पुलाची शिरोली ४१६१२२, फोनवर दोन्ही एकच ऐकू येतात. वाशी आणि बीड या नावांची गावं आमच्या करवीर तालुक्यातही आहेत. नुसतं ४१६ ऐकून थांबून चालत नाही, कारण त्यात कोल्हापूरबरोबर सांगली आणि सिंधुदुर्गही येतात. सहाही अंक घ्यावे लागतात, आणि ते तुम्ही एकेक करून परत वाचून दाखवलेत. तालुक्याच्या यादीत 'कोल्हापूर' सापडेना तेव्हा "करवीर बघते" म्हणालात, तिथं आम्ही मनातल्या मनात टाळी दिली!

वॉर्डाचंही तसंच. शहरात ए, बी, सी, डी, ई असे वॉर्ड, आणि सिटी सर्व्हे नंबरापुढं वॉर्डाचं अक्षर चुकलं तर माणूस दुसऱ्याच पेठेत. साध्या फोन कॉलमध्ये साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झचाच आवाज जातो. बी, डी, ई यांना वेगळं करणारा सुरुवातीचा बारीक आवाज त्यात पुसट होतो आणि शेवटचा 'ई' तेवढा उरतो. त्यावर सगळे "डी फॉर दिल्ली, बी फॉर बॉम्बे" म्हणतात. पत्ता सांगताना गावाचं नाव घेतलं की घाईत तेच शहराच्या रकान्यात बसतं. तुम्ही डॉग, बॉल, एलिफंट वापरलेत. साधी गोष्ट, पण ती फार थोड्यांना सुचते.

आणि शेवटी घराजवळची खूण. वायरमनला एसएमएसनं जाणाऱ्या शेऱ्यात ती तुम्ही सगळ्यात आधी टाकलीत, रोमन अक्षरांत. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरं मावतात, रोमनमध्ये १६०. वायरमनच्या मोबाइलवर पहिली ओळच दिसते आणि पेठेत तो घरनंबर नाही, खूणच विचारत जातो. 'पापाची तिकटी'चं कुणी इंग्रजी भाषांतर करून ठेवलं असतं, तर चौकशी करून करून तो गंगावेशीपर्यंत फिरला असता.

एक विनंती आहे. केर्ली आणि केर्ले ही आमच्याकडची दोन वेगळी गावं आहेत, आणि रोमनमध्ये त्यांच्यात शेवटच्या एका अक्षराचाच फरक पडतो. तिथला कॉल आला तर नावाबरोबर मोबाइलवरून लोकेशनही मागून घ्या. तुमच्या शेजारी बसणाऱ्यांनाही सांगा.

आपली,
कोल्हापुरातली फायबर जोडणारी मंडळी