फीबस गप्प का राहिला?

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगोची 'नोत्र दाम द पारी' वाचून संपली आणि तुला लिहिल्याशिवाय राहवेना. कादंबरी 1831 सालची, गोष्ट 1482 च्या पॅरिसमधली. नोत्र दाम या देवळातला कुबडा घंटावाला क्वाझिमोदो आणि बकरी घेऊन नाचणारी जिप्सी पोर एस्मेराल्दा तुला ठाऊक आहेतच. पण तू त्यातले खटले नीट वाच.

घंटांच्या आवाजाने क्वाझिमोदो ठार बहिरा झालेला, आणि त्याचा न्याय करायला बसलेला न्यायाधीशही तसाच बहिरा! आरोपीने तोंड उघडलेलं नसतानाही, उत्तर मिळाल्यासारखा तो पुढचा प्रश्न विचारतो. लोक खदाखदा हसतात. शिक्षा मात्र चाबकाची. चौकात चाकाला बांधलेला क्वाझिमोदो पाणी मागतो, तर त्याला मिळतात शिव्या नि दगड. पाणी पाजते ती एस्मेराल्दा. आदल्याच रात्री तिलाच पळवून न्यायला निघाला होता तो!

पुढे तिच्यावरच खटला: कॅप्टन फीबसचा खून आणि चेटूक. बकरी खूर आपटून किती वाजले ते सांगते, हा सैतानाचा पुरावा. पायाला लोखंडी साचा आवळल्यावर पोर किंचाळून सगळं कबूल करते. सुरा मारलेला असतो फ्रोलोने, देवळातल्या विद्वान धर्मगुरूने. आणि सुहास, फीबस मेलेलाच नसतो! जखम भरून तो पलटणीत परतलेला असतो. कोर्टात गेलो तर आपलं हसं होईल म्हणून तिकडे फिरकतच नाही. फाशीआधी तिला देवळासमोर आणतात, तेव्हा हा वाग्दत्त वधूबरोबर सज्जात उभा. ती आनंदाने त्याचं नाव घेऊन हाक मारते, आणि तो आत निघून जातो.

फ्रोलोचा राग येतोच, पण माझा खरा संताप फीबसवर आहे. तो नुसता समोर येऊन उभा राहिला असता, तरी खुनाचा आरोप तिथेच गळून पडला असता. एस्मेराल्दा शेवटपर्यंत त्याच्यावरच जीव टाकते, हे वाचताना सहन होत नाही.

गुड्यूलबद्दल लिहायलाच हवं. जिप्सींनी आपली तान्ही मुलगी पळवली म्हणून ही बाई वर्षानुवर्षं कोठडीत बसून त्यांना शाप देते, एस्मेराल्दाला तर सगळ्यांत जास्त. तान्हेपणीच्या बुटांचा जोड जुळतो आणि कळतं, की तीच तिची मुलगी. तोवर शिपाई दाराशी आलेले असतात.

वास्तूंवरची प्रकरणं लांबलचक आहेत, पण गाळू नकोस. ते देऊळ जपलं जावं, ही ह्यूगोची तळमळ त्यांत आहे. वाचून झालं की फीबसबद्दल तुला काय वाटलं ते सविस्तर कळव.

तुझा,
अनिल