किगालीतला शनिवार

ती. आई-बाबा, सा. नमस्कार,

परवा फोनवर निम्मं तुटकच ऐकू आलं, म्हणून लिहूनच काढते. बाबा, आईचा चष्मा सापडेपर्यंत तुम्हीच मोठ्याने वाचून दाखवा.

इथे रवांडात महिन्याच्या शेवटच्या शनिवारी उमुगांडा असतो, सकाळी आठ ते अकरा सगळ्या देशाचं श्रमदान. सगळ्या म्हणजे खरंच सगळ्या हं, १८ ते ६५ वयाच्या प्रत्येकाला यावंच लागतं, दुकानं बंद, रस्ते ओस. माझ्यासारख्या चार दिवसांच्या पाहुण्यांना सक्ती नाही पण हॉटेलात बसून करू काय, ऑफिसमधली एक ताई म्हणाली चल आमच्या वस्तीत, गेले.

किगाली सगळं डोंगरउतारावर, पाऊस आला की माती सुटून खाली येते, म्हणून रस्त्याकडेचे चर मोकळे करायचे होते. मला फावडं दिलं, अर्ध्या तासात तळहाताला फोड, शेजारच्या आजीबाई मात्र वाकून सपासप गवत कापतायत आणि वर माझ्याकडे बघून हसतायत. बाबा, आपल्याकडे ग्रामस्वच्छता अभियानात फोटो झाला की निम्मे गायब व्हायचे म्हणून चिडायचात ना, इथे फोटो कोणी काढलाच नाही. आता दंडाच्या धाकाने केलेल्या श्रमदानात दान कुठलं, असं मी ताईला विचारलं तर म्हणे दंडाचं सोड, नाही गेलं तर शेजारी विचारतात.

काम झालं की तिथेच सभा. पाण्याचा नळ, आरोग्य विम्याचा हप्ता कोणाचा राहिलाय, असलंच सगळं. पण १९९४ मध्ये इथल्या वंशसंहारात शंभर दिवसांत आठ लाखांवर माणसं मारली गेली आणि मारणारे पुष्कळदा शेजारचेच होते, ते डोक्यातून जात नव्हतं, कोण कोणाशेजारी बसलंय हे मी उगाच बघत राहिले. विचारायची सोय नाही आणि विचारूही नये.

दुपारी ताईकडे जेवले. कसाव्याच्या पानांची दाण्याचं कूट घालून भाजी, उकडलेली कच्ची केळी आणि इकिवुगुतो, म्हणजे विरजलेलं दाट आंबट दूध. आई, थोडं मीठ आणि जिरेपूड असती ना, तर दोन ग्लास प्यायले असते. ते दूध त्यांच्या घरच्या गायीचं नाही पण तिच्या आईला गावी सरकारी योजनेतून गाय मिळालीय, गिरिंका म्हणतात, २००६ पासून चालू आहे. गरीब घराला गाय द्यायची आणि तिला पहिली कालवड झाली की ती त्या घराने शेजाऱ्याला द्यायची. बाबा, तुमच्या डेअरीतल्या मंडळींना हे सांगाच, पहिली कालवड सोडायला कोण कोण तयार होतं ते मला कळवा!

भिंतीवर इमिगोंगो होतं. शेणात राख कालवून लाकडी फळीवर उठावाच्या नागमोडी रेघा काढतात, वाळल्यावर घासून काळा, पांढरा, तांबडा रंग देतात. मी नाक लावून पाहिलं, वास अजिबात नाही. आई, तू सारवायचीस तेव्हा बोटांचे अर्धगोल उमटायचे ते आठवले, पण हे फार नेटकं असतं.

चिवडा स्टीलच्या डब्यात भर म्हणून मी मागे लागले होते ते बरंच झालं, इथे प्लास्टिक पिशव्यांवर २००८ पासून बंदी आहे, विमानतळावरच काढून घेतात. डबा रिकामा झाला. त्यात कॉफी भरून आणतेय आणि एक छोटं इमिगोंगो पण घेतलंय, कुठे लावायचं ते तुम्ही दोघं भांडून ठरवा, फक्त टीव्हीच्या वर नको.

तुमची,
मनू