मूलपेशी प्रत्यारोपणानंतरचा अंदाज घरच्यांना मराठीत सांगावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावावर रक्ताच्या कर्करोगासाठी परगावच्या एका मोठ्या रुग्णालयात मूलपेशी प्रत्यारोपण झाले. मूलपेशी, म्हणजे नवे रक्त तयार करणाऱ्या पेशी, माझ्याच होत्या. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारात एक असते, ती आमच्या वाट्याला आली. ‘तीन आठवड्यांत काउंट येईल’, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आकडा पुन्हा वर येईल, एवढेच आम्हाला सांगण्यात आले. त्या एका वाक्यावर आम्ही महिन्यापुरती खोली घेतली, प्लेटलेट देणाऱ्या गावच्या पोरांच्या पाळ्या लावल्या आणि ऊसतोडीच्या आत परततो, असा घरी निरोप धाडला.

भावजय रोज सकाळी रिपोर्टमधला आकडा शाळेच्या वहीत उतरवून ठेवी. बाराव्या दिवसापर्यंत तो शंभराच्या वर गेला नाही. एकविसावा दिवसही तसाच उलटला तेव्हा तिने वही मिटून उशाखाली ठेवली आणि त्या दिवशी ती जेवली नाही. काउंट आला तो सव्विसाव्या दिवशी.

मराठी जाणणाऱ्या एका तरुण डॉक्टरांनी पुढे हे सारे उलगडून सांगितले. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये सलग तीन दिवस ५०० किंवा त्याहून जास्त राहिल्या की मूलपेशी रुजल्या असे मानतात, आणि तो दिवस साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात केव्हाही उगवू शकतो. वजनाच्या दर किलोमागे किती मूलपेशी मिळाल्या (किमान २० लाख तरी हव्यात), त्या शिरेतल्या रक्तातून घेतल्या की कमरेच्या हाडातील मज्जेतून, प्लीहा वाढलेली आहे का, मध्येच संसर्ग झाला का, यांवर ते ठरते. मज्जेतल्या पेशी सहसा उशिरा रुजतात. माझ्या मूलपेशी मज्जेतूनच काढल्या होत्या आणि भावाची प्लीहा वाढलेली होती. म्हणजे उशीर होऊ शकतो हे आधीच सांगता आले असते. हृदय, फुप्फुसे, यकृत, मधुमेह अशा आधीच्या आजारांवरून धोक्याचे गुण काढण्याची पद्धत तर सिएटलच्या संशोधकांनी २००५ मध्येच मांडली आहे. असे गुण एका माणसाचे भविष्य सांगत नाहीत हे मान्य, पण घरच्यांची तयारी त्यातून होते.

दुसरी चूक मात्र आमचीच. काउंट आला म्हणजे माणूस बरा झाला, असे समजून घरी परतल्यावर आम्ही भावकीला दार उघडे ठेवले आणि दहाव्या दिवशी त्याला तापाने पुन्हा दाखल करावे लागले. प्रतिकारशक्ती पूर्ववत व्हायला वर्ष-दोन वर्षे लागतात, लहानपणीच्या लसीसुद्धा पुन्हा घ्याव्या लागतात, हे आम्हाला तेव्हा कळले.

खानापूर, निपाणी, चिकोडीकडचे रुग्ण या उपचारासाठी बंगळुरू, वेल्लोर, पुणे, मुंबई गाठतात आणि न वाचताच इंग्रजी संमतीपत्रावर सही करतात. हा भाषावादाचा प्रश्न नाही. कन्नड भाषकांचीही हीच अडचण आहे. प्रत्यारोपणापूर्वीच रुग्णाच्या भाषेतले एक पान घरच्यांच्या हाती द्यावे. काउंट लवकरात लवकर आणि उशिरात उशिरा केव्हा येईल, हा अंदाज कशावरून बांधला आणि डिस्चार्जनंतर किती महिने जपायचे, एवढे त्यात असावे. ते पान घरी तालुक्याच्या डॉक्टरांनाही दाखवता येईल. भावाला ताप आला त्या रात्री आमच्याकडे त्यांना दाखवण्यासारखे काहीच नव्हते.

कळावे,
एक वाचक
नंदगड, ता. खानापूर, जि. बेळगाव