आधी भाकर, मग प्रश्न

रत्नागिरी, ऑक्टोबर

प्रिय आई-बाबा,

येशूची स्तुती असो.

आई, मागच्या रविवारी फोनवर माझा आवाज ऐकून तू म्हणालीस की प्रार्थना कमी पडली की माणूस असाच थकतो, आणि रोझरीचा, म्हणजे जपमाळेचा महिना असूनही माझा माळेला हात लागत नसेल. फोनवर वाद घालण्यापेक्षा सविस्तर लिहावे असे ठरवले, कारण या बाबतीत तुझे म्हणणे मला पटलेले नाही.

पावसाळाभर आमचा वॉर्ड लेप्टोस्पायरोसिस आणि डेंग्यूच्या तापाच्या रुग्णांनी भरलेला होता. सलग रात्रपाळ्या करून सप्टेंबर संपेपर्यंत माझी अवस्था अशी झाली की सलाइन लावताना हात आपोआप चालत, पण रुग्णाच्या नातेवाइकांशी दोन शब्द बोलणेही जिवावर येई. प्रार्थना मी सोडली नव्हती, उलट वाढवली होती. आणि माळ अर्ध्यावर आली की डोळा लागे.

१ ऑक्टोबरला छोट्या तेरेजाचा, त्या फ्रेंच संन्यासिनी संताचा, सण झाला. प्रार्थनेच्या वेळी तिलाही झोप येत असे, हे तुला ठाऊक आहे का? तिने लिहून ठेवले आहे की मुले जागी असोत वा झोपलेली, आईबापांना ती सारखीच प्रिय असतात, आणि शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरही रुग्णाला झोपवतातच. १८९७ मध्ये वयाच्या २४व्या वर्षी क्षयाने गेलेल्या या मुलीला चर्चने पुढे शंभर वर्षांनी आपल्या आचार्यांमध्ये स्थान दिले, तेव्हा तिच्या डुलक्या देवाच्या आड आल्या नसाव्यात.

त्या आठवड्यात मी एलिया संदेष्ट्याची गोष्ट, बायबलमधल्या राजांच्या पहिल्या ग्रंथाचा १९वा अध्याय, पुन्हा सावकाश वाचली. कर्मेल डोंगरावर बआल या परक्या दैवताच्या साडेचारशे संदेष्ट्यांसमोर एकटा उभा राहून जिंकलेला हा माणूस राणी इझेबेलच्या एका धमकीने रानात पळतो, झुडपाखाली बसून मरण मागतो आणि झोपी जातो. त्याचा थकवा पापातून आलेला नाही. तो कामातून, नेमून दिलेले काम चोख केल्यातून आलेला आहे. आणि देव काय करतो? तो रागावत नाही, उपदेश करत नाही, ‘तुझी प्रार्थना कमी पडली’ असेही म्हणत नाही. देवदूत त्याला हलवून उठवतो, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे उशाशी ठेवतो, पुन्हा झोपू देतो, आणि दुसऱ्यांदा उठवताना म्हणतो की खा, कारण पुढची वाट तुला झेपण्यापलीकडची आहे. त्या अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस आणि चाळीस रात्री चालत होरेब पर्वतावर पोहोचतो. ‘तू येथे काय करतोस?’ हा प्रश्न देव त्याला तिथे विचारतो, त्याआधी नाही. सर्वांत शेवटी, मी एकटाच उरलो अशी तक्रार करणाऱ्या त्या माणसाला कळते की बआलपुढे गुडघे न टेकलेले सात हजार जण अजून आहेत, आणि त्याचे काम पुढे नेणारा अलीशा नावाचा माणूस हाताशी मिळतो.

हे वाचल्यावर मी इन्चार्ज सिस्टरांना सांगून सलग रात्रपाळ्या बदलून घेतल्या आणि रक्तही तपासले. हिमोग्लोबिन बरेच कमी निघाले. एलियाला भाकर मिळाली, मला लोहाच्या गोळ्या मिळाल्या, आणि त्यांच्या मागेपुढे चहा वर्ज्य असल्याने तो त्याग मात्र उपवासकाळाइतकाच कडक आहे. झोपण्यापूर्वी आता एकच स्तोत्र म्हणते आणि तेवढ्यावर थांबते. शक्ती एकदम आली नाही. रोज त्या दिवसापुरती येते, आणि ती मी कमावलेली नसते, एवढे मात्र स्पष्ट जाणवते. परवा एका आजींचे अंग पुसताना मी गुणगुणत होते, हे शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी सांगितले तेव्हा मला कळले.

बाबा, १२७व्या स्तोत्राचे दुसरे वचन मुद्दाम तुमच्यासाठी आहे. तुम्ही पहाटे उठता, रात्री उशिरा झोपता आणि कष्टाची भाकर खाता, हे व्यर्थ आहे. देव आपल्या प्रियजनांना झोप देतो, असा त्याचा आशय आहे. दादरच्या बाजारासाठी अंधारात सोनचाफा तोडायला आणि वाडीतल्या तळ्यावरचा, बावखलावरचा पंप सुरू करायला सत्तरी ओलांडल्यावरही तुम्हीच जावे, अशी देवाची काही अट नाही. वाडी तुमची ओळख आहे हे मी जाणते, म्हणून सोडा असे म्हणत नाही. फक्त पहाटेचे काम गड्याकडे सोपवा. एलियालाही शेवटी अलीशाच्या खांद्यावर आपला झगा टाकून काम सोपवावेच लागले.

आणि आई, गुडघे सुजलेले असताना रविवारची मिस्सा, चर्चमधली उपासना, चुकली म्हणून तू मनाला लावून घेतेस. आजारपणात ते बंधन राहत नाही, असे चर्चची शिकवणच सांगते. फादरांना निरोप दिलास तर कम्युनियनची पवित्र भाकर घरी आणून देतील. ते मागण्यात कमीपणा नाही.

नाताळची रजा मंजूर झाली आहे. त्याआधी, या आठवड्यातच, बाबांनी गड्याशी बोलावे आणि काय ठरले ते रविवारी मला कळवावे.

तुमची लाडकी लेक