सूचना: रविवारी डेबियनचं मराठी गाईड लिहायला बसतोय

मंडळी, येत्या रविवारी सकाळी 10 ते 1 फोंड्याला आपल्या नेहमीच्या वर्गात भेटूया. डेबियन (विंडोजसारखी, पण मोफत असलेली लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम) इन्स्टॉल करायचं गाईड चतुर्थीआधी पूर्ण करायचंच आहे, म्हणून जमेल त्या सगळ्यांनी या, कोडिंग येत नसेल तर नक्कीच या, कारण कुठे अडतं ते तुम्हालाच कळतं.

लिहिताना एवढं पाळा:

- नुसतं "टर्मिनल उघडा" नको, कुठे क्लिक करायचं तेही लिहा.
- कमांड स्वतः चालवून बघा, मगच टाका. जुन्या लेखांतून कॉपी करू नका, त्यात वायफायचं फर्मवेअर (वायफायचं हार्डवेअर चालायला लागणारं सॉफ्टवेअर) वेगळं उतरवायला सांगतात, पण 2023 च्या डेबियन 12 पासून ते इन्स्टॉलरमध्येच येतं.
- रूट (मुख्य ॲडमिन खातं) पासवर्डचा स्क्रीन नीट समजवा. तिथे पासवर्ड दिला की आपल्या युजरला सुडो (ॲडमिनची कामं करायची परवानगी) मिळत नाही, रिकामा सोडला की मिळतो. गेल्या वेळी एक काकी इथेच अडकल्या, दोन दिवस त्यांना वाटत होतं आपलाच पासवर्ड चुकतोय आणि आपल्या पानावर याबद्दल एक ओळ नव्हती, हे परत होता कामा नये.
- डीडी कमांड (पेनड्राइव्हवर इन्स्टॉलर उतरवणारी) चुकीच्या डिस्कवर चालली तर न विचारता सगळं पुसते. इशारा कमांडच्या वर लिहा, खाली नाही.

लॅपटॉप रात्रीच फुल चार्ज करा, सकाळी लाईट जाते. रिकामा पेनड्राइव्ह आणा. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव टाका.