काकांकडूनही १,८०० रुपयेच

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. तुमचं ते "बरं" मला चांगलं कळतं. म्हणून लिहायला बसले. फोनवर मी हुज्जत घालते, मग तुम्ही गप्प, मी गप्प आणि आई मधल्या मध्ये हवापाण्याचं बोलत राहते.

मी केलेलं प्लगिन, म्हणजे मोठ्या सॉफ्टवेअरला जोडायची छोटी पुरवणी, सोमवारी विक्रीला ठेवलं. जुन्या फॉन्टांतला मराठी मजकूर ते युनिकोडमध्ये आणतं. किंमत १,८०० रुपये, एकदाच भरायची, दोन संगणकांवर चालेल. आणि तुम्ही ज्यांना ज्यांना "आमच्या पोरीनं केलंय, देईल पाठवून" असं सांगून बसला आहात, त्यांनाही ते १,८०० रुपयांनाच मिळेल. प्रेसवाल्या काकांनासुद्धा. हे ठरलंय. रागावू नका, पुढचं वाचा.

आई, आधी तुझ्यासाठी. नोकरी सोडलेली नाही. हे काम रात्रीचं आणि शनिवार-रविवारचं, आणि ऑफिसला लेखी कळवून परवानगी घेतलेली आहे. घरी येणारे पैसे येतात तसेच येत राहतील. कामवाल्या मावशी, सिलिंडर, तुझी फिजिओथेरपी, यातलं काहीही या प्लगिनवर अवलंबून नाही. डबा रोज नेते. भाजीही असते त्यात.

बाबा, "एवढंसं तर आहे, त्याचे काय पैसे घ्यायचे?" असं तुम्ही म्हणालात. दिसायला एवढंसंच आहे. इनडिझाइनमध्ये, म्हणजे पुस्तकाची पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, एक छोटी चौकट उघडते, तिच्यात एक बटण. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांतली फाइल घ्यायची, बटण दाबायचं, मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालतं त्या रूपात. पण आत काय आहे ते तुमच्याइतकं कोणाला कळणार? जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी आपल्या अक्षरांचे तुकडे बसवलेले. फार तर २५६ घरं, त्यात अख्खी मराठी कोंबायची, आणि फॉन्टांच्या प्रत्येक घराण्याची मांडणी निराळी, म्हणजे कुठला तुकडा कोणत्या अक्षराचा याचा तक्ता प्रत्येकासाठी वेगळा करायचा. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना आधी दिसते म्हणून तिथे ती आधीच टाइप केलेली असते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर लागते. 'स्थिती'तली पहिली वेलांटी सगळं जोडाक्षर ओलांडून पलीकडे न्यावी लागते. रफाराचं उलट, तो मागून पुढे आणायचा. 'वार्षिक'मध्ये दोघंही एकाच अक्षरावर बसलेत. त्या एका शब्दानं माझी झोप उडवली होती.

नेटवर फुकटचे कन्व्हर्टर आहेत, हे काकांचं म्हणणं खरं आहे. मी स्वतः ते वापरलेत. पण त्यात मजकूर टाकला की ठळक, तिरपं, तळटिपा सगळं सपाट होऊन बाहेर येतं. मध्येच एखादा इंग्रजी शब्द असला तर त्याचीही मराठी करून टाकतात, वाचता न येणारी. माझं प्लगिन आधी प्रत्येक तुकड्याचा फॉन्ट बघतं आणि मगच हात लावतं. फॉन्ट मात्र मी कोणाचाच देत नाही, फक्त तक्ते माझे आहेत. तेव्हा कोणाचं काही चोरल्यासारखं होईल का, ही काळजी सोडा.

आता किंमत. ४९९ ठेव, असं जवळपास सगळेच म्हणाले. मी हिशेब असा केला: २०० पानांचं जुनं पुस्तक पुन्हा टाइप करून घ्यायचं तर ३० रुपये पानानं ६,००० होतात, वर प्रूफं पुन्हा तपासायची ती वेगळीच. म्हणजे पहिल्याच पुस्तकात माझे पैसे वसूल. ४९९ घेतले आणि गिऱ्हाईक तासभर फोनवर "ताई, बटण दिसत नाही" करत बसलं, तर काय उरलं? इनडिझाइनची नवी आवृत्ती आली की मला पुन्हा सगळं तपासावं लागणार, ते वेगळं. किंमत पुढे कमी करता येते, वाढवली की लोकांना फसवल्यासारखं वाटतं. तुम्हाला आकडे आवडतात म्हणून सांगते, ऑनलाइन पैसे घेण्याचे २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी कापून माझ्या हातात १,७५७ रुपये ५२ पैसे येतात. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत मला जीएसटीची नोंदणी लागत नाही. हसू नका.

तुमच्या उधारीच्या हिरव्या वहीबद्दल मी काही बोलणार नव्हते. पण बाबा, लग्नपत्रिकेचं चौथं प्रूफ काढूनही तुम्ही कधी जास्तीचा रुपया मागितला नाहीत. लोक चहा पाजून जायचे. घर त्या चहावर चाललं नाही, आईच्या शिकवण्यांवर चाललं. हे कडू लागलं असेल तर समजा मी लिहिलंच नाही. अजूनही गणपती आळीत कोणाची मुलगी ते सांगितलं की लोक उठून खुर्ची देतात, तीही त्या वहीचीच कमाई आहे, आणि ती मला मिळते.

आणि मला हे काम येतं ते तुमच्यामुळेच. कागदाच्या रिमांवर बसून मी मूळ प्रत वाचायची, तुम्ही लाल पेन घेऊन प्रूफ बघायचात. "स्वल्पविराम" असं मोठ्यानं म्हणायला मला काय आवडायचं! एकदा मुद्दाम जास्तीचे दोन म्हटले, तर तुम्ही मान वर न करता म्हणालात, "बाळ, त्याचे पैसे कोण देणार?" आई, तू तेव्हा आत पोळ्या करत होतीस, पण हसलीस ते मला ऐकू आलं होतं.

काकांसाठी वाट ठेवलीय. कुठल्याही फाइलची पहिली १० पानं फुकट होतात. त्यांनी आपली सगळ्यात वाईट, जोडाक्षरांनी भरलेली फाइल घालून बघावी. पटलं तर घ्यावं. वाचनालयाला मी एक तसंच देणार आहे, पैसे न घेता. पण फुकट कोणाला द्यायचं ते मी ठरवणार.

बाकी, बाबा, डोळ्यांत थेंब वेळेवर घाला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसानं रात्री अकराला संगणकावर लग्नपत्रिकांचा मजकूर मांडत बसायचं नसतं. तुमचं ते पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर, पेजमेकर, २००१ मध्ये सातव्या आवृत्तीवर थांबलं, आता तुम्हीही थांबा. फ्लॉपीचं खोकं माळ्यावरून काढू नका, मी आले की काढू. आई, जिना दिवसातून एकदाच, आणि गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवण्यासाठी आणलेला नाही.

काकांना रविवारी सकाळी मी स्वतः फोन करते आणि नीट सांगते, त्यांना वाईट वाटू देणार नाही. तोवर तुम्ही विषय काढू नका. आणि बाबा, त्यांच्या नावानं गुपचूप १,८०० रुपये भरायचे नाहीत. कोणाच्या खात्यातून आले ते मला इथे दिसतं.

तुमची,
चिमी